नोंद नंबर सांगा

"नोंद नंबर?"

चौदा वर्षं पौर्णिमा ओव्हाळचं बोलणं या दोन शब्दांनी सुरू होत आलंय. खिडकीपलीकडं कुणीही असो. एकदा तर तिचा सख्खा भाऊ सोमनाथ उभा होता. तो हसून म्हणाला, "ताई, मी हाय." ती म्हणाली, "दिसतंय. नोंद नंबर?" सोमनाथ हा किस्सा अजूनही लग्नाकार्यात सांगतो, आणि सांगताना चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून वरून बघतो. ती अगदी तशीच बघते.

बीडपासून वीसेक किलोमीटरवर, खताच्या दुकानाच्या डोक्यावर, एका साखर कारखान्याचं गट ऑफिस आहे. कारखाना लांब, त्याची चिमणीही इथून दिसत नाही. पण आसपासच्या अकरा गावांचा ऊस कधी तुटणार हे ठरतं या दोन खोल्यांत. कुणी कोणत्या तारखेला उसाची लागण केली ते पौर्णिमा लिहून घेते, त्याला नोंद नंबर देते, आणि हंगाम लागला की त्याच तारखांच्या क्रमानं तोडणीची यादी काढते. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. दर शनिवारी यादी फळ्यावर, खडूनं. कॉम्प्युटर आला तरी तिनं फळा सोडला नाही.

"कॉम्प्युटर मला एकटीला दिसतो," ती म्हणायची, "फळा समद्यांना दिसतो."

आणि ते दिसणं महत्त्वाचं. पाळी चुकली, ऊस रानात उभा राहिला, की त्याला तुरा येतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर दिसतंय. मालकाला माहीत असतं, आतून ऊस पोकळ पडत चाललाय, रोज वजन उतरतंय. त्यामुळं त्या खिडकीपाशी भांडणं व्हायची, आवाज चढायचे. पण फळ्यासमोर उभं राहून माणूस बोट फिरवत आपलं नाव शोधायचा, वरची नावं वाचायचा, आणि गप घरी जायचा.

सप्टेंबरात पौर्णिमाच्या स्कुटीला म्हैस आडवी आली. म्हशीला काही झालं नाही. पौर्णिमाचा डावा पाय नडगीत दोन ठिकाणी मोडला. बीडला ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली, आणि पाय उशीवर ठेवून ती घरी पलंगावर आली. नोव्हेंबरात हंगाम तोंडावर, तेव्हा शेतकी अधिकारी मोहनराव स्वतः लॅपटॉप घेऊन घरी आले.

"मॅडम, तुमच्याशिवाय यादी कोण काढणार? घरूनच काढा. शनिवारी मला मोबाइलवर पाठवा, मी तोडणी टोळ्यांच्या मुकादमांना कळवतो. खिडकीत संजयला बसवतो."

"आन फळा, साहेब?"

"संजय लिहील की!"

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, पहिले पंधरा दिवस तिला फार बरं वाटलं. सासूबाई, पारूबाई, वेळेवर चहा देत होत्या. नवरा सतीश शाळेतून आला की विचारायचा, "काय मॅडम, ऑफिस सुटलं का?" आणि ती लॅपटॉप मिटून म्हणायची, "सुटलं. गाडी काढा."

मग माणसं यायला लागली.

संजय खिडकीत बसायचा, पण त्याला विचारलं की तो हात वर करायचा. "यादी मॅडम काढतात. मॅडम घरी हायत. तिकडं जावा." लोक तिकडं आले. रिकाम्या हातानं कोण कशाला येईल आजाऱ्याच्या घरी? कुणी पेरू आणले, कुणी बोरं, कुणी हुरडा. आधी पायाची चौकशी, मग डॉक्टरला शिव्या, मग म्हशीच्या मालकाला शिव्या. मग चहा. आणि चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता:

"वैनी, तेवढं आपलं बघा की."

"नोंद नंबर?" पौर्णिमा म्हणायची.

आणि माणसं हसायची! पाय उशीवर घेऊन पलंगावर पडलेल्या बाईनं चष्म्यावरून बघत "नोंद नंबर" म्हटलं, की समोरच्याला हसूच येतं. "अवो वैनी, घरी बी नंबर व्हय?" खिडकीत ती कारकून होती. घरात ती कुणाची वहिनी होती, कुणाची आक्का, कुणाची सूनबाई. खिडकीत नाही म्हटलं की माणूस खिडकीवर चिडायचा. घरात नाही म्हटलं की पारूबाई रात्रीच्या भाकरी थापताना हळूच म्हणायच्या, "त्याच्या माईनं तुज्या लग्नात चार दिस राबून काम केलतं, बाई."

तरी तिनं डिसेंबर काढला. यादी हलू दिली नाही.

जानेवारीत एका शुक्रवारी, ऐन जेवणाच्या वेळेला, रामकिसनमामा आले. पारूबाईंचे धाकटे भाऊ. सतीशचे मामा, म्हणून पौर्णिमाचे मामेसासरे. पांढरं धोतर, कडक टोपी, आवाज असा की गल्लीतली कोंबडी बाजूला व्हावी.

"जयभीम, सूनबाई! पाय कसा हाय?"

"जयभीम, मामा. बरा हाय. परवाच डॉक्टरनं काठी घेऊन चालायला सांगितलं."

"चालायचं कशाला? बस की निवांत. पारूआक्का, वाढ. भूक लागलीया."

पारूबाईंनी ताट केलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, वर कच्चं तेल. भावासाठी मुद्दाम पापड भाजला. मामा मांडी घालून बसले, हात धुतला, ताट पुढं ओढलं. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"घ्या की, मामा."

"घेतो. आधी शब्द दे."

"कशाचा?"

"माज्या तीन एकराचा. येत्या आठवड्यात टोळी माज्या रानात पायजे. शब्द दे, घास घेतो."

पौर्णिमा हसली. तिला वाटलं, गंमत आहे. मामा हसले नाहीत.

"मामा, तुमची लागण ऑगस्टच्या बावीस तारखेची. अजून पाळी न्हाई तुमची. तुमच्या आधी…"

"मी तुला पाळी इचारली का? मी शब्द मागतोय."

भाजीवरचा तवंग गार व्हायला लागला. पौर्णिमाला वाटलं, पाच मिनिटांत भूक लागेल. दहा झाली. पंधरा झाली. मामा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत बसले, जसं काही एसटीची वाट बघतायत.

मग पारूबाईंनी स्वतःचं ताट बाजूला सारलं. "माजा भाऊ माज्या घरातनं उपाशी उठून जानार आसंल, तर मला बी नगं."

"आत्याबाई, आवो तुमी तरी…"

"मला काय कळतं तुमचं लागण-बिगन? मला एवढंच कळतं, ताटावरनं मानूस उठला तर घराला बरं न्हाई."

आता सांगा, या माणसाला खिडकीत काय सांगता आलं असतं? "पुढचे, या." संपलं. पण पलंगावरून 'पुढचे या' कुणाला म्हणणार? मागं कोणी नव्हतंच. एक ताट होतं, ताटावर एक म्हातारा, आणि दारात पदरानं डोळे टिपणारी सासू.

पौर्णिमानं लॅपटॉप उघडला. नोंद तीनशे सत्तेचाळीस, एकेचाळिसाव्या जागेवर होती. ती उचलून तिनं नवव्या जागेवर ठेवली. तिथं नोंद दोनशे बारा होती, ती खाली सरकली. बटण दाबायला किती वेळ लागतो? मामांनी भाकरी मोडली.

"ठेचा झकास झालाय, आक्का."

शनिवारी यादी मोहनरावांना गेली. मोहनरावांकडून मुकादमाला.

रविवारी दुपारी बायनाबाई आली. पंधरा किलोमीटरवरच्या वाडीची, साठीची, एकटी दोन एकर करणारी बाई. काखेत पिशवी, पायात प्लास्टिकच्या चपला. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "येऊ का वं माय? तुजा पाय मोडला म्हनं. मला आत्ता कळलं बग. नारायणगडाला दर्शनाला गेलते, तितं तुमच्या गावची बाई भेटली, तिनं सांगितलं."

"या, मावशी, या."

बायनाबाई पलंगाशी खाली बसली. पाय चाचपून बघितला, जसा गाईचा बघतात. मग पिशवीतून डबा काढला. "अंगारा आनलाय पर तो माज्याजवळच ठिवते. तुमी लावत न्हाई, म्हाईत हाय मला. हे डिंकाचं लाडू घे. हाडाला चांगलं आसतेत."

पौर्णिमा थांबली. आता येईल, तिनं मनात म्हटलं. आता म्हणेल, तेवढं आपलं बघा. बायनाबाईनं गडावरची गर्दी सांगितली, रिक्षावाल्यानं कसं अर्ध्यात सोडलं ते सांगितलं, चहा प्याली, आणि पदर खोचून उठली.

"येते माय. जप."

पौर्णिमालाच राहवलं नाही. "मावशी, ऊस गेला का तुमचा?"

"न्हाई की अजून."

"का?"

"फळ्यावर कुटं आलंय? दोनदा जाऊन आले मी ऑफिसात. फळ्यावर कुनाच्या तरी वाढदिवसाचं फ्लेक्स लावलंय. लई मोठा फोटू हाय. म्या त्या पोराला इचारलं, तर म्हनला, मॅडमच्या घरी जावा. म्या म्हनलं, घरी कशाला? मॅडम हाय म्हनल्यावर नंबरनं येईलच की." ती हसली. "तुरा आलाय बग. समदं रान पांढरं दिसतंय."

"नोंद नंबर काय तुमचा?" पौर्णिमानं विचारलं. तिला माहीत होता. तरी विचारला.

"दोनशे बारा," बायनाबाई म्हणाली. तिला तो पाठ होता, जसा लोकांना लेकरांचा जन्मवार पाठ असतो.

ती गेल्यावर पौर्णिमानं लाडवाचा डबा उघडला नाही. काठी घेतली, आणि अंगणात एक फेरी मारली. मग दुसरी. सतीश कपडे वाळत घालत होता, तो बघत राहिला.

"काय चाललंय?"

"अकरा पायऱ्या हायत ऑफिसला. मोजतेय, उद्या जमतं का."

"उद्या? अगं डॉक्टर म्हणाला हळूहळू…"

"हळूहळूच चढणार हाय. तुमी सकाळी साडेनवाला मला सोडा फक्त."

सतीशनं शर्टाला चिमटा लावला, काढला, परत लावला. "आईला काय सांगायचं?"

"मीच सांगते."

तिनं सांगितलं. मामाचं नाव यादीत परत खाली जाणार हेही सांगितलं. पारूबाईंचा हात पिठात थांबला. "शब्द दिलतास तू."

"दिला, आत्याबाई. माज्या मालकीचा नव्हता तो. बायनामावशीची पाळी होती ती, मी आपल्या ताटात वाढली."

"माजा भाऊ परत या उंबऱ्यात यायचा न्हाई."

पौर्णिमानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "त्याचं मला वाईट वाटंल. लई वाईट वाटंल. पर जानार हाय मी."

संध्याकाळी मोहनरावांना फोन केला.

"कशाला येता मॅडम? घरून मस्त चाललंय की सगळं! ऑफिसात किती शांतता हाय माहितीय का? एक भांडण न्हाई दोन महिन्यांत."

"भांडण माज्या घरी येतं, साहेब. पेरू घेऊन येतं."

"उन्हाळ्यापर्यंत घ्या की आराम. मी वर बोलतो."

"उद्या साडेनऊला येते, साहेब. माजी खुर्ची तेवढी मोकळी ठेवायला सांगा संजयला."

सोमवारी सकाळी अकरा पायऱ्यांना तिला बारा मिनिटं लागली. सतीश मागं दोन्ही हात पसरून, जणू ती पडणारच आहे अशा थाटात. पाचव्या पायरीवर ती थांबली, घाम पुसला. खालून खतवाला ओरडला, "मॅडम, खुर्ची उचलून नेऊ का वर?" ती म्हणाली, "उचलायचं आसंल तर युरियाची पोती उचला. माजं मी बघते."

आत संजय तिच्या खुर्चीतून झटकन उठला. भिंतीवर फळ्याच्या जागी हसरा, हार घातलेला, चार बाय तीनचा चेहरा होता.

"हे उतरव."

"मॅडम, नगं… कुणी बघितलं तर? फोटो हाय."

"फोटो जिन्यात लाव, येता जाता समदे बघतील. इथं यादी लागती."

फ्लेक्स निघाला. मागं फळ्यावर तिच्याच अक्षरात गेल्या हंगामातली शेवटची यादी अजून अर्धी पुसलेली होती. तिनं ओल्या फडक्यानं फळा पुसला, काठी टेबलाला टेकवली, एका पायावर भार देऊन लिहायला सुरुवात केली. वरपासून. आठ नावं. नववं: नोंद २१२, बायनाबाई. मग पुढं. एकेचाळिसावं: नोंद ३४७, रामकिसन.

मोहनराव आले तेव्हा फळ्यासमोर दहा-बारा माणसं जमली होती, आणि बजरंग मुकादम हातात मोबाइल धरून एकदा पडद्याकडं, एकदा फळ्याकडं बघत होता.

"सायेब, शनिवारच्या यादीत उद्या तीनशे सत्तेचाळीस हाय. इथं दोनशे बारा. टोळी उद्या कुटं नेऊ?"

मोहनरावांनी पौर्णिमाला आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं. "हे काय, मॅडम? गेलेली यादी बदलता येती का?"

"चुकीची गेली होती."

"ठीक हाय, मग असं करू. 'टायपिंगची चूक' लिहून टाका. विषय मिटला."

"टायपिंगची न्हाई साहेब. समजून उमजून केलं मी. माज्या मामेसासऱ्यांची नोंद मी स्वतः वर घेतली."

मोहनराव खुर्चीत बसले. "हे लिहून देणार तुम्ही?"

"दिलंय." तिनं घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. घरीच लिहून आणला होता.

"मला ज्ञापन काढून खुलासा मागावा लागेल, मॅडम. उद्या वरून विचारलं तर? नोकरीचा प्रश्न हाय."

"काढा. पर टोळी उद्या दोनशे बाराला जाऊ द्या. ज्ञापनानं तुरा थांबत न्हाई."

मोहनरावांनी चष्मा काढला, पुसला. बाहेरून आवाज येत होते. फळ्यावरची नावं कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं, कुणी मध्येच "माजं किती वं?" विचारत होतं. दोन महिन्यांची शांतता गेली होती, हे त्यांनाही ऐकू येत होतं. त्यांनी दार उघडलं.

"मुकादम, फळ्यावर हाय तसं करा."

पौर्णिमा परत फळ्यापाशी गेली. यादीखाली जागा उरली होती. तिथं तिनं लिहिलं: 'दुरुस्ती. नोंद ३४७ शनिवारी माझ्याकडून पाळी सोडून वर घेतली गेली होती. ती मूळ जागी घेतली आहे. पौ. स. ओव्हाळ.'

बजरंगनं ते हळू वाचलं. "मॅडम, हे कावून लिवलं? कुनाला कळलं बी नसतं."

"मला कळलं होतं."

मग ती खिडकीत बसली. पाय खाली ठेवला की ठणकत होता, म्हणून खाली खताची रिकामी पेटी घेतली. रांग लागली. कुणीतरी पहिलंच म्हणालं, "वैनी, पाय बरा…" ती म्हणाली, "बरा हाय. नोंद नंबर?" तो माणूस हसला नाही. खिशात हात घालून पावती शोधायला लागला.

बारा वाजता जिन्यावर तो आवाज आला. मामांना कुणीतरी फोन केला होताच. ते रांग सोडून थेट खिडकीला आले, टोपी हातात, तोंड लालबुंद.

"सूनबाई! शब्द दिलतास! माज्या ताटावर हात ठिवून…"

"मामा, रांगेत या."

"मी? रांगेत?"

"ओ बाबा," मागून एक जण ओरडला, "आमी सकाळपासनं काय नाचायला आलोय का? मागं या की!"

मामांनी मागं बघितलं. मग फळ्याकडं बघितलं. ते वाचू शकतात. त्यांच्या गावात शाळा शिकलेल्या पहिल्या पाच पोरांतले ते. ओठ हलवत त्यांनी खालची ओळ वाचली. आपला नंबर. आणि खाली बहिणीच्या घराण्याचं नाव, सुनेच्या सहीत. टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. पौर्णिमाला वाटलं, आता जिना उतरून जातील, आणि पारूबाई म्हणाल्या तसं होईल. पेन तिनं घट्ट धरलं.

मामा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

पंधरा माणसांनंतर ते खिडकीशी आले. दोघांच्या मध्ये लोखंडी जाळी. भूक लागलेला, उन्हातून आलेला म्हातारा होता तो. तिला त्यांना पाणी द्यावंसं वाटलं. माठ कोपऱ्यात होता, रांगेतल्या सगळ्यांसाठीच. त्यातलं पाणी पिऊनच ते आले होते, मिशीला थेंब होता.

"बोल की," मामा म्हणाले.

पौर्णिमानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

"नोंद नंबर?"

मामांनी टोपी सारखी केली. मग कोपरीच्या खिशातून घडी घातलेली पावती काढली, लांब धरून वाचली.

"तीनशे… सत्तेचाळीस."

"लागण बावीस ऑगस्ट. क्रम एकेचाळीस. आजपासनं साधारण बारा दिवसांनी टोळी येईल. पाणी तोडून ठेवा रानाचं." तिनं पावतीवर शिक्का मारला, जाळीखालून परत सरकवली.

मामांनी ती घेतली. जाता जाता, अर्धं वळून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "आन जेवायला?"

"रविवारी या," पौर्णिमा म्हणाली. "पावती घरी ठेवून या."

तिनं डोकं वर केलं नाही. पुढचा माणूस जाळीला टेकला होता.

"पुढचे. नोंद नंबर सांगा."